पाण्याला भिणारे सर

जालन्यात राहून पाण्यात बुडून मरायची भीती बाळगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे.

आम्हा बाकीच्यांना भीती असायची ती पाणी न येण्याची. नळ कधी सुटेल याचा भरवसा नसे. सुटला की शेजारीण दार वाजवून ओरडायची, आणि घागरी, बादल्या, पातेली, हाताला लागेल ते भरून ठेवायचं. उन्हाळ्यात टँकरमागे धावायचं. अशा गावात हा माणूस आभाळात काळा ढग दिसला की फळ्यावरचं वाक्य अर्धवट सोडून खिडकीशी जायचा आणि ढग कुठल्या दिशेला सरकतोय ते बघत उभा राहायचा. पोरं खुसखुसायची. सरांना ते ऐकू येत नसे.

मी पिंपळगाव रेणुकाईहून आलेली. नवी नोकरी, मस्तगडात भाड्याची खोली. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत ते माझ्यासमोर येऊन बसले. उंच, मान लांब, पँट घोट्याच्या वर एक घडी दुमडलेली. ती घडी मे महिन्यातसुद्धा तशीच असायची, हे मला पुढे कळलं. पायात पट्ट्याचे सँडल, कारण चप्पल पाण्यात निघून जाते असं त्यांचं म्हणणं.

"बाई, खोली कितव्या मजल्यावर घेतलीत?"

"खालच्याच. का?"

"नदी किती लांब आहे?"

मला हसूच आलं. "सर, कुंडलिकेला पाणी कुठंय? म्हशी बसायला डबकं न्हाई तिथं."

"पाणी नाही म्हणून नदी गेली असं होत नाही," ते म्हणाले. "तिची जागा तीच राहते. आपण तिथं घरं बांधतो एवढंच."

त्यांच्या बोलण्यात कोकणातला हेल होता. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं म्हणून त्यांनी मराठवाड्यातली नोकरी धरली होती, असं शाळेत सगळे सांगायचे आणि हसायचे. त्यानंतर मला ते रोज एकच विचारायचे, "खोली कधी बदलताय?" रोज रोज उत्तर द्यायचा कंटाळा आला म्हणून मी वरच्या मजल्यावर खोली बघितली. खरं सांगायचं तर कंटाळ्याबरोबर आणखीही काहीतरी होतं. एकदा भर दुपारी कोरड्या नदीवरून जाताना माझी नजर आपोआप वरच्या अंगाला गेली, तिकडून काही येतंय का बघायला. त्या दिवशी मला कळलं की सरांची भीती मलाही लागली आहे.

त्यांच्या सायकलला मागे एक लोखंडी सळई बांधलेली असायची, टोकाला वाकवलेली. शाळेत येता-जाता वाटेतल्या मोऱ्यांची तोंडं ते त्या आकड्यानं मोकळी करायचे. मी नोकरीला लागले तेव्हा त्यात पालापाचोळा, चिंध्या, फार तर एखादं फाटकं पायताण निघायचं. मग हळूहळू प्लास्टिकच्या पन्न्या आल्या. बघता बघता भाजी, किराणा, मटण, सगळं पातळ काळ्या-निळ्या पन्नीतून घरी यायला लागलं आणि पन्नी दारातून नालीत जायला लागली. त्यात गुटख्याच्या पुड्या. सर ते सगळं ओढून काढायचे, ओलं तसंच पोत्यात भरायचे. गाव त्यांना "पन्नीवाले सर" म्हणायला लागलं.

रस्त्यात कुणी पुडी फोडून फेकली की त्याची धडगत नसे. सर सायकलवरून उतरायचे.

"ही आता कुठं जाणार, ठाऊक आहे?"

"कुठं जाती? पडती इथंच."

"इथं नाही राहत. पाऊस आला की नालीत. नालीतून कुंडलिकेत. तिथून दुधनेत, दुधनेतून पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत. गोदावरी समुद्रात. तिथं कुणाच्या तरी गावाच्या तोंडात जाऊन बसणार ही."

माणूस हसायचा. "सर, माझी पुडी माझ्याआधी समुद्र बघती म्हणा की!"

सर हसायचे नाहीत. खाली वाकून पुडी उचलायचे आणि खिशात टाकायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला कायम सुपारीचा वास यायचा. स्वतः मात्र त्यांनी कधी सुपारीचं खांडही खाल्लं नाही.

वर्गात ते पृथ्वी तापत चालल्याचं सांगायचे. तेव्हा हे फारसं कुणी बोलत नव्हतं. समुद्र वर सरकेल, पाऊस महिनाभर तोंड दाखवणार नाही आणि एका दुपारी सगळा कोसळेल, असं ते सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. त्यांना सांगायला आवडतंय असं वाटायचं नाही. एखाद्या घरी वाईट बातमी न्यायची वेळ आलेल्या माणसासारखे ते उभे असायचे. त्यामुळे पोरं खरोखर घाबरायची.

सातवीतल्या एका मुलीचे वडील एकदा शाळेत आले. मंठ्याकडचे शेतकरी, मुलांच्या शिक्षणासाठी गावात बिऱ्हाड केलेलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत मीही होते.

"सर, पोरगी पार भेदरून गेली. बादली भरली का रडून राह्यली. अंघोळीला बसंना. घरात पानी येईल म्हन्ती. काय शिकवता तुम्ही?"

मुख्याध्यापक सरांवर खूप बोलले. पोरांना विषय शिकवा, भुतं दाखवू नका, म्हणाले. सर मान खाली घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ते बरोबर बोलले, बाई. मी तिला भ्यायला शिकवलं आणि तिथंच थांबलो. भ्याल्यावर काय करायचं ते सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी ते त्या मुलीच्या घरी गेले. तिला बरोबर घेऊन तिच्या गल्लीची मोरी साफ केली, पाणी ओतून दाखवलं, ते कसं निघून जातं ते तिच्या डोळ्यांनी बघू दिलं. तेव्हापासून शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांना यायचं ती मुलं त्यांच्याबरोबर जायची. कधी कधी मीही जायचे.

जायचो ते बहुतेक नाल्याकाठच्या वस्तीत. मस्तगडाच्या उतारावरून खाली गेलं की नदीला मिळणारा एक नाला होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची, मातीची घरं. बरेच जण मंठ्याच्या बाजूनं आलेले धनगर. मेंढरं गेली, काहींनी दोन-चार शेळ्या ठेवल्या, बाकी मोंढ्यात हमाली नाहीतर बांधकामावर रोजंदारी. वस्तीच्या खालच्या टोकाला रस्ता होता आणि रस्त्याखालून नाला जायला सिमेंटच्या तीन नळ्या टाकलेल्या. वरच्या बाजारातला कचरा वाहत येऊन त्या नळ्यांच्या तोंडाशी अडायचा.

सर पहिल्यांदा तिथं उभे राहिले तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते. त्यांनी नळ्यांकडे बघितलं, मग घरांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं, सर?"

"ही आमची उघाडी आहे," ते म्हणाले.

मला शब्द कळला नाही. तिथंच कठड्यावर टेकून त्यांनी मला सांगितलं. एरवी ते घरचं काही बोलत नसत. त्यांच्या गावाला खाडीच्या बाजूनं मातीचा बांध होता, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून. आतलं पाणी बाहेर सोडायला बांधात एक दार, त्याला उघाडी म्हणतात. ते लहान असताना एका वादळात समुद्राचं पाणी बांधावरून आत आलं. लोक माळ्यावर, झाडांवर चढले. माणसं वाचली. ओहोटी लागली की पाणी निघून जाईल म्हणून सगळे वाट बघत बसले.

"पण ते जाईना. फाटकी जाळी, झावळ्या, गावानं वर्षभर खाडीत टाकलेली घाण, सगळं उघाडीत जाऊन बसलेलं. खारं पाणी गावात उभंच राहिलं. विहिरी नासल्या. तेच पाणी प्यायलो आम्ही. माझी आई हगवणीनं गेली. समुद्रानं नाही मारली तिला, बाई. समुद्र आला होता तसा गेला असता. त्याला बाहेर जायची वाट आम्ही ठेवली नव्हती."

त्या दिवसापासून ती वस्ती सरांनी सोडली नाही. आणि वस्तीनं त्यांना सुरुवातीला जवळही केलं नाही. तिथली धुरपताबाई म्हणून एक बाई होती, नवरा मोंढ्यात हमाल, घरात म्हातारा सासरा, दारात शेळ्या. जीभ तिखट. ती सरांना बघितलं की ओरडायची, "आले का मास्तर? आमच्या घरात प्यायला पानी न्हाई, अन् हे पुराचं भेव दाखवून राह्यले!"

मग तिची गाभण शेळी मेली. चारा खायची बंद झाली, पोट फुगलं, आणि पाय झाडत गेली. तिच्या नवऱ्यानं पोट फाडून बघितलं. आत पन्न्यांचा गोळा होता, दोन हातांत मावेना एवढा, काळा, घट्ट पिळलेला. शेजारी पोटातली दोन करडं. धुरपताबाई त्या गोळ्याकडे बघत बसून राहिली. सर आले तेव्हा तिनं त्यांना नेहमीसारखं काही सुनावलं नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "हे असं नळीत बी बसलं असंल?"

"याच्यापेक्षा मोठं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून नळीपाशी हजर होती. तिच्या मागून बाकीच्या बाया आल्या. पुढची दोन-तीन वर्षं मी त्या बायांना बघितलं. बाजारातल्या दुकानदारांशी भांडून त्यांनी कचऱ्याची गाडी वस्तीच्या वर थांबवायला लावली. पन्नी नाल्यात टाकणाऱ्या आपल्याच पोरांना रट्टे दिले. पाणी आलंच तर काय करायचं ते सरांनी त्यांना बसवून शिकवलं: कुणी कुणाचं दार वाजवायचं, कुणी लेकरं घ्यायची, शेळ्या सोडायच्या की बांधून ठेवायच्या. ताट बडवलं की सगळ्यांनी वरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ओट्यावर जायचं. बाया हसत हसत शिकल्या, पण शिकल्या.

आता एका भादव्यातल्या दिवसाबद्दल सांगायला हवं. सरांनी उत्तरेकडे अंधारून आलेलं बघितलं, वीज बघितली, आणि ते सायकल तशीच टाकून वस्तीत पळाले. ताट बडवायला लावलं. सगळी वस्ती ओट्यावर गेली. धुरपताबाईचा सासरा, त्याला धड चालता येत नव्हतं, त्याला खाटेसकट उचलून नेलं. दिवस मावळेपर्यंत सगळे तिथं बसले. पाण्याचा एक थेंब पडला नाही. खाली यावं तर कुत्र्यांनी घराघरात शिरून भाकरी खाल्लेल्या, पीठ सांडलेलं, आणि एका घरची कोंबडी नाहीशी झालेली. रोजंदारी बुडाली ती वेगळीच.

माणसं सरांच्या अंगावर धावली. म्हातारा खाटेवरून म्हणाला, "मास्तर, आता मला पुन्हा हालवायचं न्हाई. मेलो तर माझ्या घरात मरंन."

सरांनी सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणाले, "मला वाटलं येईल. चुकलं माझं." त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चालत वर आले. ते वाटेत एवढंच बोलले, "आता पुढच्या खेपेला ते निघणार नाहीत, बाई."

पुढची खेप दोन पावसाळ्यांनंतर आली. शनिवार होता. दुपारचं ऊन पडलेलं, आभाळ निळं. पाऊस वर कुठंतरी झाला होता, आम्हाला त्याचा आवाजही नव्हता. सर आणि मी नळ्यांपाशी उभे होतो. दोन नळ्या मोकळ्या होत्या. तिसऱ्या नळीत त्याच आठवड्यात कुणीतरी ट्रॅक्टरभर माल आणून ओतला होता, फुटकी खोकी, पन्न्या, पाडलेल्या भिंतीचा राडारोडा. सर आकड्यानं तो ओढत होते आणि येत नव्हता. नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं. बघता बघता त्याचा रंग बदलला. तांबूस झालं. वर काड्या, फेस. आणि चिखलाचा एक वास आला, मातीचा नव्हे, खोल डबक्यातल्या गाळाचा.

"सर," मी म्हणाले, "हे काय आहे?"

मी वळून बघितलं. ते आकडा हातात धरून उभे होते, तोंड थोडं उघडं, डोळे वरच्या अंगाला लागलेले. पापणी हलत नव्हती. मी त्यांचा दंड धरून हलवला. लाकडासारखा लागला. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी हा माणूस जगला तो क्षण आला होता आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी भ्याले. पाण्याला भ्याले की त्यांच्या त्या चेहऱ्याला, मला आजही सांगता येणार नाही. मी धुरपताबाईच्या घराकडे धावले आणि जीव खाऊन ओरडले.

तिनं बाहेर येऊन नाल्याकडे एकदाच बघितलं. आत गेली, ताट आणलं आणि बडवायला लागली. दारं उघडली. काही माणसं म्हणाली, ऊन पडलंय अन् हिला काय झालं. पण बाया थांबल्या नाहीत. ज्या बाईनं ज्या घरचं दार वाजवायचं तिनं ते वाजवलं. लेकरं काखेत, म्हाताऱ्या पाठीवर, शेळ्यांची दावी कापलेली. कुणी किंचाळत नव्हतं. मला ते सगळ्यात भीतिदायक वाटलं, एवढी माणसं पळताहेत आणि आवाज फक्त ताटाचा आणि मागून येणारा एक घरघराट.

धुरपताबाई सासऱ्याच्या खाटेपाशी गेली. नवरा मोंढ्यात होता. तिनं आणि मी खाटेला हात घातला.

म्हाताऱ्यानं दाराची चौकट धरली. "सोड. एकदा गेल्तो त्या मास्तरच्या नादानं. बिलकुल येणार न्हाई."

"मामा, पानी आलं! डोळ्यांनी बघितलं म्या!"

"तव्हा बी असंच म्हनली व्हतीस."

त्याची बोटं सुटेनात. हमालाचा बाप, हातात अजून बळ होतं. पाणी उंबऱ्यावरून आत आलं, थंडगार, आणि एका श्वासात पिंडरीला लागलं. बाहेरून कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं. धुरपताबाईनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं मला दारातून बाहेर ढकललं आणि स्वतःही निघाली. म्हाताऱ्याला तिनं हाक मारली नाही. त्यानंही मारली नाही.

सर अजून नळ्यांवर उभे होते. पाणी रस्त्याला लागलं होतं. धुरपताबाई तशीच तिकडे वळली, त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि शेळीला ओढावं तसं त्यांना ओढत वर घेऊन गेली. "चला! चला म्हन्ते ना, जल्दी!" ती रडत होती आणि ओढत होती.

ओट्यावरून आम्ही बघत होतो. तुंबलेल्या नळीच्या बाजूला पाणी चढत गेलं. एक भिंत बसली, मग दुसरी. पत्रे कागदासारखे निघाले. मोकळ्या दोन नळ्यांतून पाणी गर्जत पलीकडे पडत होतं, आणि त्यामुळे ते जसं चढलं तसं दिवेलागणीच्या आत उतरलंही. बाकी सगळी वस्ती ओट्यावर होती. म्हातारा दुसऱ्या दिवशी नदीच्या वळणावर सापडला.

गावानं सरांचा सत्कार करायचं ठरवलं. त्यांनी नकार दिला. दहाव्याच्या आदल्या दिवशी ते धुरपताबाईकडे गेले, ओट्यावरच तिनं चूल मांडली होती. मी बरोबर होते. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"त्या भादव्यात मी तुम्हाला उगाच नेलं नसतं तर तुमचे सासरे या खेपेला आले असते," ते म्हणाले.

धुरपताबाई भाकरी थापत होती. थांबली नाही. "आले बी असते. न्हाई बी आले असते. हट्टी मानूस. पर मास्तर, त्या दिशी तुम्ही खोटं बोलले न्हाई. तुम्हाला वाटलं ते बोलले." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मला एकच सलून राह्यलं. कोन त्याला उचलंल, हे आपण ठरवलं व्हतं. त्याला इचारलं नव्हतं कुनी."

त्यानंतर वर्षभरात सर निवृत्त झाले. आणि सगळ्यांना वाटलं होतं त्याच्या उलट, ते कोकणात आपल्या गावी निघून गेले.

तिथून काही वर्षांनी त्यांचा निरोप आला, धुरपताबाईला घेऊन या म्हणून. आम्ही एसटीनं गेलो, पुण्याला गाडी बदलून. धुरपताबाई गावाच्या वेशीपर्यंत बडबडत होती. समुद्र दिसला तशी पाऊलभर मागे सरली.

"हे रोज असंच येतं?" तिनं विचारलं.

"रोज," सर म्हणाले. ते फार वाळले होते. किनाऱ्यावर भरतीच्या रेषेला पन्न्या, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, एका सरळ ओळीत पडलेले. माडांची मुळं उघडी पडली होती. त्यांच्या लहानपणी जिथं अंगण होतं तिथं आता लाटा होत्या, हे त्यांनी बोट करून दाखवलं. मी विचारलं, भीती गेली का? ते म्हणाले, "छे हो. रोज सकाळी उठलो की आधी बघतो, कुठवर आलाय." खाली मासेमारांची घरं अगदी पाण्याला टेकलेली होती. त्या लोकांनी सरांचं ऐकून किनारा साफ करायला सुरुवात केली होती, पोरं कचरा वेचायची. पण पाणी चढलं तर घर सोडायचं, हे मात्र त्यांना पटत नव्हतं.

संध्याकाळी सरांनी त्यांना देवळाच्या पडवीत बोलावलं होतं. बाया, माणसं, पोरं. धुरपताबाईला त्यांनी पुढं बसवलं. एवढी माणसं, वेगळी बोली, आणि मागं समुद्राचा आवाज चाललेला. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि सासऱ्याचं सांगितलं. खाट, चौकट, बोटं, सगळं. मी इतकी वर्षं तिला ओळखत होते, पण तिनं ते कुणाला सांगताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढ्यात एक म्हातारा मासेमार भिंतीला टेकून बसला होता, एका पायानं अधू. तो म्हणाला, "आमी दर्याची लेकरां. तुमी कोरड्या मुलखातली. आमाला पाण्याचा भय नाय."

"आजोबा," धुरपताबाई म्हणाली, "तुमाला पळता येत असतं तर पळले असते का?"

म्हाताऱ्यानं अधू पाय जवळ ओढून घेतला.

"तुमाला बोल लावत न्हाई मी. माझ्या सासऱ्याचा हट्ट आसंलच. पर त्याचे पाय चालत नव्हते, अन् आपल्याला कोन उचलनार हे त्याला ठाव नव्हतं. लाजत व्हता तो. मला लई उशिरा कळलं."

मग मागून एक बाई म्हणाली, आमच्या घरात सासू आंधळी आहे. दुसरी म्हणाली, माझा दीर अंथरुणावर आहे. तिसऱ्या घरात दोन दिवसांची बाळंतीण होती. एकेकजण आपल्या घरातलं अडकलेलं माणूस सांगायला लागला, आणि प्रत्येक नावाला कुणीतरी दुसरं आपण होऊन म्हणायचं, तिला मी नेईन, त्याला आमचा थोरला उचलेल. सर कडेला खांब धरून उभे होते. अंधार पडत चालला होता.

नावं संपली. माणसं उठायला लागली. तेव्हा भिंतीशी बसलेला तो म्हातारा, कुणाकडेच न बघता, हळूच म्हणाला,

"आणि मला रे?"